ध चा घ दिसू लागला की : चाळिशीपासून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या महिन्यापर्यंत

मी मुद्रितशोधनाचं काम करते. आमच्या धंद्यात चाळिशी लागल्याचं आधी आपल्याला कळत नाही, संपादकाला कळतं. ४३ व्या वर्षी एका पुस्तकात माझ्या हातून 'धन'चं 'घन' तसंच सुटलं. ध आणि घ, भ आणि म, फरक काय तर शिरोरेषेत केसाएवढी फट. ती फट दिसेनाशी झाली होती आणि मी दोष देत होते छपाईला. "आनंदीबाईंनी निदान मुद्दाम तरी केलं होतं," असा टोमणा ऐकला तेव्हा कुठे डोळे तपासायला गेले.

पुढे ५२ व्या वर्षी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि ऑपरेशन झालं. या दोन्ही वेळी जे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमचा डोळा त्यांनी पाहिलाय, मी नाही.

दवाखान्यात जाण्याआधी टेप घ्या

शिवणकामाचा टेप. दोन दिवस आपण कुठल्या गोष्टी किती अंतरावरून पाहतो ते मोजून कागदावर लिहा. माझा कागद असा होता : हातातलं प्रूफ ३५ सेंटीमीटर, संगणकाचा पडदा ६५, पोळपाट ५५, तांदूळ निवडताना ताट ४०, टीव्ही तीन मीटर, आणि बसची पाटी, ती जितक्या लांबून वाचता येईल तितकी बरी.

हे का, ते समजायला डोळ्याचं गणित थोडं पाहावं लागेल. डोळ्यातलं भिंग तरुणपणी लवचीक असतं. जवळचं पाहताना ते फुगतं, लांबचं पाहताना चपटं होतं. वय वाढतं तसं ते घट्ट होत जातं आणि ४० ते ४५ च्या दरम्यान कधीतरी पुस्तक हातभर लांब धरावं लागतं. मग हात पुरेनासा होतो. यात डोळ्यांचे लाड झाले किंवा हाल झाले असं काही नाही. केस पिकतात तसंच हे. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही, न लावल्याने थांबत नाही, आणि गाजराचा याच्याशी काही संबंध नाही. सुरुवातीला साधारण +१ पासून जवळचा नंबर लागतो आणि साठीच्या आसपास +२.५ पर्यंत जाऊन बहुतेकांचा तिथेच थांबतो.

आता अंतर. भिंगाचा आकडा आणि अंतर यांचं नातं सरळ आहे : +१ चं भिंग एक मीटरवरचं स्पष्ट करतं, +२ अर्ध्या मीटरवरचं, +२.५ हे ४० सेंटीमीटरवरचं. डोळ्याची स्वतःची उरलीसुरली ताकद या जोडीला असते, म्हणून पंचेचाळिशीत एकाच भिंगातून पुस्तक आणि पडदा दोन्ही चालून जातं. साठीत ती ताकद संपलेली असते. मग वाचायच्या चष्म्यातून संगणक धूसर दिसतो आणि माणूस मान पुढे काढून कासवासारखा बसतो. तपासणीच्या खोलीत वाचायची पाटी ३५-४० सेंटीमीटरवर धरतात. तुमचं दिवसभराचं काम ६५ वर असेल, तर ते तुम्ही सांगितल्याशिवाय कुणाला कळणार? शिंपी, सोनार, भजनात पेटीवर वही ठेवून गाणारे, सगळ्यांची अंतरं निराळी.

ज्यांना आधीपासून उणे नंबर आहे त्यांना एक फायदा मिळतो. चष्मा काढला की जवळचं दिसतं. माझ्या जावेचा नंबर उणे अडीच. ती आजही डाळ निवडताना चष्मा डोक्यावर सरकवते आणि आम्हाला चिडवते.

चष्मेवाल्याकडे

आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग चष्मेवाला. हा क्रम का, ते पुढे येईलच.

फक्त वाचायचा चष्मा स्वस्त आणि बिनडोकेदुखीचा, पण वर पाहिलं की समोरचा माणूस धूसर. बायफोकलमध्ये खाली वाचायची खिडकी असते. सवय पटकन लागते, मात्र संगणकाचं मधलं अंतर दोन्हींतून निसटतं. प्रोग्रेसिव्हमध्ये वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो, रेघ दिसत नाही, पण कडेला चित्र वाकडं होतं. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्यांसाठी मधलं आणि जवळचं एवढंच दाखवणारी ऑफिसची भिंगंही मिळतात. माझ्या मते संगणकावर आठ तास काढणाऱ्याने एकाच चष्म्यात सगळं जग बसवण्याचा हट्ट धरू नये. दोन चष्मे ठेवावेत.

प्रोग्रेसिव्ह घ्यायचा असेल तर एका गोष्टीवर अडून बसा. फ्रेम तुमच्या नाकावर बसवून, तुम्ही समोर पाहत असताना, प्रत्येक डोळ्याच्या बाहुलीसमोर काचेवर खूण केली पाहिजे. माझ्या पहिल्या चष्म्याच्या वेळी दुकानातल्या मुलाने फ्रेम टेबलावर ठेवूनच अंदाजाने खुणा केल्या. मला काही माहीत नव्हतं, मी गप्प बसले. परिणाम असा की वाचण्यासाठी हनुवटी छताकडे न्यावी लागे. तीन आठवडे मान धरून बसले आणि शेवटी भिंगं नव्याने करावी लागली. फ्रेमही फार बुटकी घेऊ नका, खालच्या भागाला जागाच उरत नाही.

नवीन प्रोग्रेसिव्ह सकाळी उठल्याबरोबर लावा आणि दिवसभर ठेवा. अधूनमधून जुना लावला तर सवय लागत नाही. बाजूचं पाहायचं तर डोळे नाही, नाक वळवा. जिना उतरताना हनुवटी छातीकडे न्या, म्हणजे पायरी वरच्या भागातून दिसेल, नाहीतर शेवटची पायरी हमखास चुकते. साधारण दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं. नाही पडलं तर परत जा, लाजू नका.

रस्त्यावरचे तयार चष्मे वाईट नसतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरका नंबर (सिलिंडर) नसेल, तर देवघरात एक आणि गॅसजवळ एक ठेवायला उत्तम. फक्त तोच चष्मा म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे.

आणि उजेड वाढवा. वयानुसार बाहुली आक्रसते, भिंग पिवळट होतं, आत पोचणारा प्रकाश कमी होतो. मागून किंवा कडेने येणारा एक चांगला दिवा कधीकधी पाव नंबराचं काम करून जातो.

चाळिशीच्या आड लपणारे पाहुणे

काचबिंदू पहिल्यांदा काहीच सांगत नाही. दुखत नाही, समोरचं नीट दिसतं, कडेचं हळूहळू जात असतं, आणि गेलेलं परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढताना डोळ्याचं प्रेशर आणि मागची नस तपासून घ्यायची. घरात कुणाला काचबिंदू असेल तर जास्तच काटेकोरपणे. मधुमेह असेल तर दृष्टी चांगली असली तरी वर्षातून एकदा थेंबांनी बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा तपासायचा. त्या थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. दुचाकीवर एकट्याने जाऊ नका.

नंबर आठवड्या-पंधरवड्यात खालीवर होत असेल तर चष्मेवाल्याला बोल लावण्याआधी साखर तपासा. साखर चढउतार करते तेव्हा भिंगातलं पाणी कमीजास्त होतं. साखर आटोक्यात आल्याशिवाय नवीन चष्मा करणं म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरी एक फसवी गोष्ट. साठीतल्या मामी एक दिवस सांगतात, "माझी चाळिशी उतरली, आता बिनचष्म्याची पोथी वाचते!" घरात कौतुक होतं. बहुधा तो मोतीबिंदू असतो. भिंगाचा गाभा घट्ट होताना डोळा उणे नंबराकडे झुकतो, त्यामुळे जवळचं काही काळ सुधारतं आणि लांबचं बिघडतं.

आणि या तीन गोष्टींना उद्यावर ढकलायचं नाही : अचानक डोळ्यापुढे काळ्या ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखे चमकारे, कडेने पडदा सरकल्यासारखी सावली. नेत्रपटल फाटत किंवा सुटत असू शकतं. त्याच दिवशी दाखवायचं.

मोतीबिंदू निघाला तर

मला वाटायचं मोतीबिंदू म्हातारपणी होतो. माझ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "स्टिरॉइडच्या गोळ्या किती वर्षं घेतल्या?" दम्यासाठी मी बरीच वर्षं अधूनमधून घेत होते. अशा गोळ्यांनी भिंगाच्या मागच्या बाजूला जो मोतीबिंदू होतो तो तरुणांनाही गाठतो आणि त्याची लक्षणं उलटी असतात. संध्याकाळी बरं दिसतं, भर उन्हात आणि वाचताना त्रास होतो, कारण बाहुली लहान झाली की नेमका मधला डागच वाटेत येतो. मधुमेह, डोळ्याला जुना मार, मोठा उणे नंबर हीसुद्धा लवकर होण्याची कारणं आहेत.

"पिकू द्या, मग काढू" हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी गढूळ झालेलं भिंग फोडून ओढून घेतात आणि त्या जागी नवं कृत्रिम भिंग बसवतात, टाकाही बहुधा लागत नाही. या पद्धतीला फेको म्हणतात. फार पिकलेलं भिंग घट्ट होतं आणि उलट काम अवघड करतं. काढायचा कधी? रोजचं काम अडायला लागलं की. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी रात्री गाडी चालवता येत नाही, हे पुरेसं कारण आहे. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, जाहिरात कितीही मोठी असो.

तपासणीला जाताना औषधांची यादी न्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, फक्त सांगा. घरातल्या पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी कधी घेतलं असेल तर ते आवर्जून सांगायचं. या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो आणि सर्जनला आधी माहीत असलं तर तो तयारीने उतरतो. "लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध" म्हणून हे हमखास राहतं. पूर्वी नंबर घालवायचं लेझर केलं असेल तर तेही सांगा, नाहीतर नव्या भिंगाचं माप चुकतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मापाच्या किती दिवस आधी बंद करायच्या ते विचारा.

माप हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. डोळ्याची लांबी, साधारण २३-२४ मिलिमीटर, आणि बुबुळाचा बाक यांवरून भिंगाचा नंबर ठरतो. लांबी एका मिलिमीटरने चुकली तर नंबर अडीच-तीनने चुकतो. तेव्हा मशिनसमोर डोळा हलवू नका, पापणी फडफडली तर पुन्हा घ्या म्हणा.

मग प्रश्न येतो, भिंग कुठलं? इथे तो अंतरांचा कागद पुन्हा काढा. एकच अंतर दाखवणारं मोनोफोकल, तिरक्या नंबरासाठी टोरिक, आणि जवळ-लांब दोन्ही दाखवणारं मल्टिफोकल. शेवटच्यात चष्म्याची गरज बरीच कमी होते, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात आणि फिकट अक्षरं थोडी आणखी फिकी होतात. पडदा किंवा नस आधीच आजारी असेल तर ते सहसा टाळतात. समुपदेशकाने तीन किमतींचा तक्ता समोर ठेवला तेव्हा मी महागड्याला 'नको' म्हटलं, ते पैशांपेक्षा कागदामुळे. फिकट छपाईतली शिरोरेषेची फट शोधणं हेच माझं पोट. मी लांबचं दाखवणारं मोनोफोकल घेतलं. उलटाही पर्याय आहे. आयुष्यभर बिनचष्म्याने वाचलेल्या उणे नंबरवाल्यांना भिंग जवळसाठी बसवून घेता येतं आणि लांबसाठी चष्मा. हा पर्याय बऱ्याचदा कुणी सुचवत नाही, आपणच विचारायचा. दुसऱ्या कुणाचा रात्रीचा प्रवासच नसेल, तर मल्टिफोकल त्याला सोन्यासारखं वाटेल.

एवढं मात्र खरं की मोनोफोकलने चाळिशी जात नाही. नवं भिंग फुगत-चपटत नाही, म्हणून जी थोडी ताकद उरली होती तीही जाते. जवळचा चष्मा लागणार हे मनात धरूनच चला.

पैशांचं थोडक्यात. आरोग्य विम्यात मोतीबिंदूला बहुधा सुरुवातीची दोन वर्षं प्रतीक्षा असते आणि खर्चाला वेगळी कमाल मर्यादा असते. आधी पॉलिसी वाचा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि जिल्हा रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होतं. डोळ्यात भिंग बसवण्याची कल्पनाच मुळात लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांची, १९४९-५० मधली. महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे घुसले होते आणि डोळा ते मुकाट सोसत होता, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगं भारतात स्वस्तात बनवायला घेतली, म्हणून आज ती सरकारी रुग्णालयातही मिळतात.

ऑपरेशनचा दिवस

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून घ्या, पुढे बरेच दिवस मिळणार नाही. काजळ नाही. कपडे पुढून बटणांचे, डोक्यातून काढायचे नकोत. खोकला असेल किंवा उताणं झोपलं की दम लागत असेल तर आधीच सांगा. माझी तारीख याच कारणाने दहा दिवस पुढे ढकलली आणि ते बरंच झालं.

प्रत्यक्ष काम पंधरा-वीस मिनिटांचं. भूल थेंबांची किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शनची. मला चाकू वगैरे काही दिसलं नाही. प्रखर दिवा, त्यात हलणारे रंग आणि मशिनची टुणटुण. हात चेहऱ्याकडे नेऊ नका, काही होत असेल तर तोंडाने सांगा.

पहिला आठवडा

त्या संध्याकाळी डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, धूसर दिसतं. हे चालतं. दुसऱ्या दिवशी तपासणी असते, ती चुकवायची नाही. तिसऱ्या दिवशी मी एकेक डोळा झाकून कोऱ्या कागदाकडे पाहिलं. डाव्याने निळसर शुभ्र, उजव्याने जुन्या पोथीच्या पानासारखा पिवळट. इतकी वर्षं मी कुठला पांढरा पाहत होते कोण जाणे.

खरं काम थेंबांचं. जंतुनाशक थेंब आठवडा-दोन आठवडे, सूज उतरवणारे स्टिरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत चार-सहा आठवडे. माझं वेळापत्रक पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी, असं होतं. तुमचं वेगळं असेल. फ्रिजवर तक्ता लावा आणि टाकल्यावर लगेच टिक करा. दुसऱ्या दिवसापासून कोणीही गोंधळतंच.

थेंब टाकायची रीत अशी. साबणाने हात धुवा. दुधासारखं पांढरं औषध असेल तर बाटली हलवा, तळाशी बसलेलं तेच औषध असतं. मान मागे टाका किंवा सरळ आडवे व्हा. गालाची कातडी खाली ओढून खालच्या पापणीची छोटी झोळी करा. ऑपरेशनच्या डोळ्यावर दाब नको. बाटलीचं टोक कशालाही न टेकवता एकच थेंब. डोळा हलकेच मिटा, चिमटीसारखा आवळू नका. एक मिनिट तसंच. दुसरं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर पहिलं वाहून जातं. डोळ्यात गेलं की नाही कळत नसेल तर बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवायची, ठेवायला चालते का ते औषधवाल्याला विचारून. गार थेंब बरोबर जाणवतो. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून महिन्याने टाकून द्यायच्या. आणि उरलेला स्टिरॉइडचा थेंब "डोळा लाल झालाय, टाक थोडा" म्हणून घरात कुणालाही द्यायचा नाही. त्याने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं.

अंघोळ मानेखालून. चेहरा ओल्या कापडाने पुसा, डोळा सोडून. डोक्यावरून पाणी कधी घ्यायचं ते डॉक्टर सांगतील, मला दहा दिवसांनी सांगितलं. केस धुवायचेच असतील तर न्हाव्याकडे किंवा पार्लरमध्ये मान मागे टाकून. झोपताना प्लास्टिकची जाळीदार वाटी डोळ्यावर चिकटवायची, कारण झोपेत डोळा चोळल्याचं आपल्याला कळत नाही. ऑपरेशनच्या कुशीवर झोपू नका.

स्वयंपाकघरात फोडणी दुसऱ्याने द्यावी. मिरचीचा ठसका म्हणजे शिंक, आणि शिंक म्हणजे डोळ्यावर दाब. उदबत्ती-धुपाचा धूर, केर काढणं, पाण्याची कळशी, नातवाला कडेवर घेणं, हे सगळं काही आठवडे बाजूला. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून पाणी आणि भाजी जास्त.

सासूबाईंची यादी वेगळी होती : आंबट नको, वांगं नको, टीव्ही तर मुळीच नको. पथ्याचा डोळ्याच्या जखमेशी संबंध नाही. मधुमेह असेल तर साखर सांभाळा, बाकी चौरस जेवा. टीव्ही, मोबाइलने नवं भिंग बिघडत नाही. डोळे कोरडे होऊन चुरचुरतात एवढंच, म्हणून पापण्या मिटत राहा. मी चौथ्या दिवशी थोडं पडद्यावरचं काम सुरू केलं. वांग्याबद्दल मात्र वाद घातला नाही, महिनाभर खाल्लं नाही.

ताबडतोब फोन करायचा

दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय, लाली वाढतेय, काल दिसत होतं तेवढं आज दिसत नाही, पू येतोय, डोकेदुखीसोबत मळमळतंय. आतला जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यातच डोकं वर काढतो आणि तिथे तासांना किंमत असते. रात्री दोन वाजले तरी रुग्णालयाचा तातडीचा नंबर फिरवायचा. तो नंबर घरी येण्याआधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

मधला महिना

यात शरीराला नाही, मनाला त्रास होतो. एक डोळा नवा, एक जुना, आणि जुना चष्मा दोघांनाही धड नाही. मोठा उणे नंबर असलेल्यांना तर दोन चित्रं लहानमोठी दिसून चक्कर येते. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर करतात किंवा त्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स देतात. नंबर कमी असेल तर ऑपरेशनच्या बाजूची काच काढून घेतली तरी निभावतं. अंतिम नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढतात, तोवर महागडा चष्मा करू नका. वाचण्यापुरता एक तयार चष्मा, बस्स. मी +२.५ चा घेऊन पाच आठवडे ढकलले आणि त्या काळात कागदावरचं काम नाकारलं.

वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा धुकट झालं तर "मोतीबिंदू परत आला" म्हणून धास्तावू नका. काढलेलं भिंग परत येत नाही. नवं भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात ती मागून गढूळ होते. लेझरने त्यात काही मिनिटांत खिडकी पाडतात, चिरफाड नाही. मूळ मोतीबिंदू नुसत्या लेझरने निघतो हा समज बहुधा इथूनच पसरला असावा.

रुग्णालयातून निघताना बसवलेल्या भिंगाचा स्टिकर लावलेलं कार्ड मागून घ्या. त्यावर भिंगाची कंपनी, नंबर आणि कुठला डोळा हे असतं, आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी सर्जन तेच पहिल्यांदा मागतो. माझं कार्ड रेशनकार्डाच्या पाकिटात आहे, अंतरांचा कागदही त्यातच. उजव्या डोळ्याचं अजून काही ठरलं नाही, पण पोळपाटाचं अंतर आता ५० झालंय, तेवढी दुरुस्ती करून ठेवली आहे.